काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या लोकांनी गावाच्या जमिनीचे दोनच रंग मानले. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. जुन्या कागदांतून 'काळी-पांढरी' हे शब्द जोडीने येतात आणि त्या दोन शब्दांत सबंध गाव येऊन जाते. शिवार आले, घरे आली, देवळे आली, वेस आली. पांढरीचा पांढरेपणा काही देवाघरून आलेला नाही. घरे बांधली, पडली, पडलेल्या मातीवर पुन्हा बांधली. चुलींची राख, गुरांचे शेण, अंगणातले सडे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात मुरत गेले आणि होता होता ती भुरकट पांढरी झाली. म्हणजे पांढरी ही माणसांनी राहून राहून तयार केलेली माती आहे.

नाशिकला गोदावरीच्या काठी 'मातीची गढी' म्हणून एक उंच टेकाड आहे. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी ते खणून पाहिले, तेव्हा वस्तीखाली वस्ती आणि तिच्याखाली आणखी वस्ती निघत गेली. अगदी तळाशी ताम्रपाषाण युगातली माणसे भेटली. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला पुराणवस्तूंपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटले. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचे घर पाडले होते, किंवा ते पडू दिले होते, आणि त्याच्याच उंचवट्यावर आपले घर बांधले होते. त्या वेळीही एखादी सून दारात उभी राहून म्हणाली असेल, 'पाडताय खरे, पण चांगले होते हो घर!'

मी निफाडला आले ती लग्न होऊन. माझे माहेर येवल्याचे. तिथे घरात शिरले की आधी मागाचा खटखट आवाज कानी येई आणि मग माणसे दिसत. निफाडच्या घरात शिरले ती पहिली आठवण अंधाराची आणि गारव्याची. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण गेले नाही. पण लहान मुलांना शिकवण्याचे काम हाती आले आणि रात्री लिहिण्याचा नाद लागला. दोन-तीन कादंबऱ्या याच घराच्या माळ्यावर, खाली सगळी निजानीज झाल्यावर लिहिल्या. त्यामुळे या वाड्याविषयी मी बोलले तर ते थोडे घरच्या माणसाविषयी बोलल्यासारखेच होणार.

आमच्याकडचा जुना वाडा म्हणजे काही राजवाडा नव्हे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर कमरेइतका ओटा, मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी, आत देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपे, मागे माजघर आणि शेवटी परस. भिंती हातभराहून जाड, आतून कच्च्या विटांच्या आणि मातीच्या. खांब, तुळया सागवानी. वर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचे धाबे. धाब्याला हीच माती का, तर ती चोपून बसवली की पाणी लवकर धरत नाही, पन्हळीवाटे सोडून देते. दर वर्षी मृगाआधी नवी माती चढवायची, चोपायची, वर उगवलेले गवत उपटायचे. एक वर्ष चुकले की पुढच्या पावसात माजघरात पातेली मांडून ठेवावी लागत.

त्या जाड भिंतींचा एक उपकार मात्र निफाडकरांनी विसरता कामा नये. महाराष्ट्रातली थंडी मोजायची झाली की वर्तमानपत्रवाले हटकून आमच्या गावाचे नाव घेतात. जवळच कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथला पारा काही वर्षी ४-५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात, कारण वेलीलाही थंडी बाधते. वाड्याच्या माजघरात मात्र त्या रात्री एका गोधडीवर भागत असे, आणि चैत्र-वैशाखात त्याच माजघरात पंख्यावाचून दुपारची झोप लागे. नव्या घरांत आम्ही स्लॅबखाली डिसेंबरात कुडकुडतो आणि मे महिन्यात भाजून निघतो. पण भिंती सरळ आणि गुळगुळीत असतात, आणि पाली कमी असतात, हेही खरे.

गावातून हिंडताना एक गोष्ट माझ्या हळूहळू ध्यानात आली. जुन्या घरांची तोंडे आतल्या गल्ल्यांकडे, पेठेकडे, देवळाकडे आहेत. कादवा नदी, वेस, बाजारतळ ही त्या गावाची दिशा होती. पुढे आगगाडी आली. १८५३ साली मुंबई-ठाणे सुरू झाले, १८६५ साली थळ घाट चढून रूळ इगतपुरीला पोचले, आणि भुसावळकडे जाणाऱ्या त्या वाटेवर निफाडलाही एक स्टेशन मिळाले, पण ते गावाबाहेर. गाव काही स्टेशनकडे तोंड करून बसले नाही. खरी उलथापालथ केली ती मोटाररस्त्याने. नाशिकहून चांदोरी, निफाड, विंचूर, येवला करीत पुढे संभाजीनगरला जाणारा रस्ता गावाला लागूनच जातो. पिंपळगावकडचा रस्ताही येऊन मिळतो. बघता बघता गावाचे तोंड त्या रस्त्याकडे वळले. ज्यांच्या घराची मागची भिंत रस्त्यावर आली होती त्यांचे नशीब उघडले. परसातली तुळस, न्हाणी, गुरांचा गोठा काढून तिथे शटरचे गाळे झाले. पुढचा नक्षीचा दरवाजा कुलूपबंद आणि मागच्या दारी मोबाइलचे, औषधांचे, बी-बियाण्यांचे दुकान! ज्या दारातून वरात यायची ते दार मागचे झाले.

गल्ल्यांचेही तसेच. जुनी गल्ली भरलेल्या बैलगाडीच्या मापाने आखलेली असे. समोरून दुसरी गाडी आली तर एकाने ओट्याला चाक टेकवून वाट द्यायची, आणि देता देता ख्यालीखुशालीही विचारायची. ट्रॅक्टरची ट्रॉली या गल्लीत शिरते, पण वळत नाही. मग ओट्याचा कोपरा फुटतो, जोत्याचा दगड निखळतो. माल नेणारी पिकअप दारापर्यंत येत नसेल तर आजच्या संसारात त्या दाराचा उपयोग काय?

आणि इथेच काळीचा संबंध येतो. वाडे का ओस पडले, याचे उत्तर देताना लोक म्हणतात, माणसांना जुन्याची किंमत राहिली नाही. मला हे पटत नाही. निफाड तालुक्याच्या काळीत जे पिकत होते ते बदलले, म्हणून पांढरी बदलली. बाजरी, गहू, हरभरा पिकत होता तोवर पीक घरात येत असे. वाड्याच्या भिंतीतली बळदे आणि जमिनीतली पेवे त्यासाठीच होती. बैल घरच्या गोठ्यात बांधलेले, औते देवडीत टेकवलेली, धान्य बळदात. वाडा हा राहण्याच्या जागेइतकाच शेतीचा कारखाना होता.

पुढे ऊस आला, सहकारी साखर कारखाने आले. त्यांची धुराडी कधी पेटली, कधी विझली. कांद्याने तर आमच्या तालुक्याचे नाव देशभर नेले. १९४७ साली स्थापन झालेली लासलगावची बाजार समिती ही कांद्याची मोठी पेठ. तिथला भाव हलला की दिल्लीतली खुर्ची हलते, असे म्हणतात. पण कांदा बळदात ठेवता येत नाही. त्याला खेळते वारे लागते. त्याची चाळ मळ्यात उभी राहिली. आणि मग द्राक्ष. द्राक्षाची बाग ही तान्ह्या मुलासारखी. एप्रिलमध्ये एक छाटणी, ऑक्टोबरात दुसरी, मधे फवारण्या, घडांची विरळणी, पाऊस आला की औषध, गारा आल्या की कपाळाला हात. वीज रात्री आली तर रात्री पाणी. अशा पिकाला सोडून गावातल्या वाड्यात झोपायला कोण येईल? शेतकऱ्याने मळ्यातच बंगला बांधला. चारशे-पाचशे वर्षे माणसे काळीवर राबत होती आणि पांढरीवर निजत होती. आमच्या डोळ्यांदेखत ती काळीवरच राहायला गेली. वाडा टाकून गेली असे नव्हे, तर पिकामागे गेली. आई मुलामागे जाते तशी.

राहिलेल्या वाड्यात एखादी म्हातारी, दोन मांजरे आणि उताऱ्यावर अकरा नावे! दुरुस्तीला अकरा जणांची संमती हवी. त्यांतले चार नाशिकला, दोन पुण्याला, एक अमेरिकेत. पावसाला मात्र कोणाची सही लागत नाही. तो एका बाजूने आपले काम सुरू करतो.

मोठ्या वाड्यांची कथाही फार निराळी नाही. आमच्या पश्चिमेला गोदाकाठी चांदोरी आहे. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांचे हे गाव. बादशाही दरबारातल्या खबरा ज्या घराण्याने पुण्याला कळवल्या, ज्यांचे कागद पुढे 'हिंगणे दप्तर' म्हणून छापले गेले, त्यांचा वाडा या गावात. उन्हाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचे पाणी उतरले की चांदोरीजवळ नदीच्या पात्रातली दगडी देवळे उघडी पडतात. माणसे मुलाबाळांसह पाहायला जातात, फोटो काढतात. पाणी वाढले की देवळे पुन्हा पाण्याखाली. मला नेहमी वाटते, त्या देवळांना पाण्यानेच राखले आहे. वर राहिली असती तर आतापर्यंत कोणी त्यांना चकचकीत फरशी बसवून ऑइलपेंट दिला असता.

पूर्वेला विंचूर. विठ्ठल शिवदेव दाणी या पेशव्यांच्या सरदाराला जहागीर मिळाली आणि घराणे विंचूरकर झाले. पुण्यात सदाशिव पेठेत त्यांचा जो वाडा, त्यात टिळक राहत होते आणि १८९४ साली तिथे सार्वजनिक गणपती बसला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण विंचूरकर म्हणजे ज्या विंचूरचे, ते गाव कुठे, हे विचारले तर शंभरांतले नव्वद गप्प बसतील. आज विंचूरची ओळख सांगायची तर औद्योगिक महामंडळाचे वाइन पार्क तिथे आहे. सरदारी गेली, द्राक्षे आली. काळीने इथेही पांढरीवर मात केली.

आमच्या निफाडचे सर्वांत मोठे नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. १८ जानेवारी १८४२ रोजी ते इथे जन्मले. वडील सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूरला गेले आणि बालपण तिकडेच गेले. म्हणजे ज्यांच्या नावाने आम्ही छाती फुगवतो त्यांनी आमच्या गावचे पाणी जेमतेम दोन-तीन वर्षे प्यायले असेल. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. बैलगाडीच्या रात्रीच्या प्रवासात हे झोपलेले मूल गाडीतून खाली पडले आणि कोणाला कळलेच नाही. गाडी पुढे गेली. मागून घोड्यावरून येणाऱ्या काकांची चाहूल लागली तेव्हा अंधारातून या मुलानेच हाक मारून सांगितले की मी पडलो आहे! त्या काळच्या रस्त्यांचे याहून चांगले वर्णन मला कुठे मिळाले नाही. दिवा नाही, दगडी फरसबंदी नाही, चाकोरीच्या धक्क्यात मूल घरंगळते आणि तरीही मागून येणारे माणूस आपले असते.

रानडे यांच्या घराविषयी विचार करताना मला भिंतींपेक्षा रमाबाईच आठवतात. १८७३ साली, अकरा वर्षांच्या असताना, त्यांचे लग्न झाले. नवऱ्याने पाटी-पेन्सिल हाती दिली, आणि घरातल्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. दिवसा त्यांच्यात वावरायचे आणि रात्री अक्षरे गिरवायची, असा तो अभ्यास. १८७८ साली रानडे बदलीवर नाशिकला आले तेव्हा त्याही आमच्या या मुलखात येऊन राहिल्या. पुढे १९१० साली त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले. त्या घरांतले दगड-लाकूड कुठे गेले मला सांगता यायचे नाही, पण त्या घरांत बाईने काय सोसले आणि काय मिळवले हे त्या पुस्तकात जसेच्या तसे आहे. न्यायमूर्तींच्या नावाची शिक्षणसंस्था आमच्या गावात आहे आणि तिच्या शाळेच्या दारातून सकाळी मुलींचे घोळके आत जातात. घर राखण्याचा हाही एक प्रकार म्हणायचा.

मध्यंतरी मी वर्गातल्या मुलांना गृहपाठ दिला: आपल्या घराच्या भागांची नावे लिहून आणा. हॉल, किचन, बेडरूम, बाल्कनी, टेरेस, पार्किंग. सदतीस वह्यांतून हीच सहा नावे फिरत होती. मग मी फळ्यावर लिहिले: ओटा, देवडी, दिंडी, सोपा, माजघर, बळद, कोनाडा, खुंटी, तुळई, पन्हळ, परस. 'हे काय आहे, विचारून या.' दुसऱ्या दिवशी वर्गात जो गोंधळ उडाला तो काय सांगावा! बळद म्हणजे बैल, असे एकाने ठासून सांगितले. एकीच्या मते दिंडी पंढरपूरला जाते, ती दरवाजात कशी असेल? पण एक मुलगा म्हणाला, 'बाई, माझी पणजी बळदाचं नाव काढल्यावर रडली. म्हणे दुष्काळात त्याच्या तळातली बाजरी खरवडून आम्ही दिवस काढले.' वर्ग एकदम शांत झाला. घर पडले तरी शब्द राहतो, असे आपण म्हणतो. पण शब्दही कोणाच्या तरी तोंडात राहावा लागतो.

आता आमच्या घरचीच गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाड्याची मागची भिंत पावसात बसली. मनुष्यहानी झाली नाही, ही देवाची कृपा. मग घरात बैठक झाली. धाकटे भाऊजी नाशिकहून आले, त्यांनी आराखडाच आणला होता. वाडा पाडायचा, पुढे रस्त्याला लागून तीन गाळे काढायचे, वर दोघा भावांचे दोन मजले. गाळ्यांच्या भाड्यात बांधकामाचे कर्ज फिटेल. हिशेब चोख होता. हे गप्प होते. मी मात्र बोलले. म्हटले, 'भाऊजी, खांब अजून शाबूत आहेत. मागची बाजू दुरुस्त केली तर पुढचा वाडा आणखी पन्नास वर्षे उभा राहील.' भाऊजी शांतपणे म्हणाले, 'वहिनी, राहील. पण त्यात राहील कोण? आणि धाब्यावर माती चढवील कोण? असा एक कारागीर दाखवा, मी आराखडा फाडून टाकतो.' त्या कामाचे शेवटचे जाणते म्हातारबाबा गावात होते ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते. मला उत्तर देता आले नाही.

मला वाटत होते, सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहतील. साठ वर्षे त्या या वाड्यात नांदल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, 'पाडा. मला काही वाईट वाटत नाही.' मी चकित होऊन पाहतच राहिले. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'तुला गं तो बघायला छान वाटतो. मी त्यात पाणी भरलंय. पहाटे चारला उठून परसातल्या आडावर. या माजघरात चार बाळंतपणं झाली, चारही अंधारात. चुलीच्या धुरानं माझ्या सासूचे डोळे गेले. म्हातारपणी रात्री उठून परसात जायचं म्हणजे काय, ते तुला अजून कळायचंय. मला खोलीला लागून न्हाणी हवी. बस्स.'

माझा भाचा सध्या इंग्लंडात शिकतो. त्याने तिकडच्या एका खेड्याची छायाचित्रे पाठवली होती: गवती छपरांची टुमदार घरे, दगडी चर्च, वळणावळणाचा रस्ता आणि कुठेही एक शटर नाही. त्याने लिहिले होते की तिकडे यादीत घातलेल्या जुन्या घराची साधी खिडकी बदलायची तरी परवानगी लागते, आणि १९६७ सालच्या एका कायद्याने तर एकेक घर न राखता सबंध रस्ता, सबंध वस्ती राखण्याची सोय केली आहे. आपल्याकडे १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा आहे, पण तो लेणी, किल्ले, देवळे अशा जाहीर केलेल्या स्मारकांसाठी. मुंबईने १९९५ साली जुन्या इमारतींसाठी नियमावली केली. निफाडच्या गल्लीतल्या साध्या वाड्याचा वाली कोण? त्याचा वाली त्याचा मालक, आणि मालकाच्या डोक्यावर कर्ज. मी ती छायाचित्रे सासूबाईंना मोठ्या उत्साहाने दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली आणि विचारले, 'आत न्हाणी आहे का, विचार त्याला.' भाच्याला विचारले. 'आहे,' तो म्हणाला, 'गरम पाण्यासकट.' सासूबाई म्हणाल्या, 'मग राखायला त्यांचं काय जातं?'

मला वाटते, या एका वाक्यात सगळे आले. जुने घर राखायचे असेल तर आधी त्यातल्या माणसाला सुखाने राहता आले पाहिजे. बाहेरून नक्षी जपायची आणि आतल्या बाईने अंधारात पाणी भरायचे, याला जतन म्हणत नाहीत. आणि पाडणाऱ्यांना दोष देताना हेही पाहावे की दुरुस्तीचा खर्च, कारागीर, आणि अकरा जणांच्या सह्या यांतले आपण त्यांना काय मिळवून दिले.

पण बैठक तिथे संपली नाही. भाऊजींनी आराखडा पुढे सरकवला, सासूबाईंनी बोट ठेवून विचारले, 'ओटा कुठाय?' ओटा नव्हता. त्याच्या जागी तिसरा गाळा होता. सासूबाई म्हणाल्या, 'न्हाणी नसली तरी चालेल, ओटा पाहिजे.' आम्ही सगळे अवाक झालो. त्या म्हणाल्या, 'वाड्यात माझं म्हणून काही नव्हतं. माजघर सासूचं, सोपा पुरुषांचा. संध्याकाळी भाजी निवडायला ओट्यावर बसायचे तेवढीच जागा माझी. तिथून मला गाव दिसायचं. तिथेच तुझ्या सासऱ्यांचं पत्र पोष्टमननं हातात दिलं. दारावरून जाणारी बाई टेकली की दोन शब्द बोलायची. गाळ्यात कोण टेकेल?'

तिसऱ्या गाळ्याचे भाडे म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. त्या भाड्यावर माझ्या धाकटीच्या नाशिकच्या शिक्षणाचा खर्च धरला होता, म्हणून भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. रात्री मी आणि ह्यांनी पुन्हा पुन्हा आकडे मांडले. अखेर ठरले, गाळे दोनच. कर्जाचे हप्ते पाच वर्षांनी लांबले. मी संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या आणि पुढच्या कादंबरीची वही बासनात बांधून ठेवली. याचे मला फार मोठे दुःख झाले असे नाही. फक्त माळा राहिला नाही, तिथे बसून लिहायची सवय होती.

वाडा पाडायला पंधरा दिवस लागले. जुन्या सागवानाचा व्यापारी आला, त्याने तुळया घनफुटाने मोजल्या. नक्षीचे चार खांब त्याने बोटाने ठोकून पाहिले आणि त्यांना वेगळा भाव सांगितला. कुठल्याशा हॉटेलात ते शोभेसाठी जाणार होते. दोन आम्ही दिले, दोन ठेवले. आज ते नव्या ओट्यावर स्लॅबखाली उभे आहेत. भार त्यांच्यावर काहीच नाही, तो लोखंडी गजांवर आहे. पण पाठ टेकायला उपयोगी पडतात. जोत्याचे काळे दगड ओट्याला पुरले. दिंडी दरवाजा बसेना, म्हणून त्याची फळी माझ्या टेबलाला लावली.

भिंतींची माती तेवढी राहिली, ढीगच्या ढीग. टाकायची कुठे? तेव्हा मळ्यातले एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. जुन्या घराची पांढरी माती मळ्यात चांगली, असे त्यांचे वडील सांगत असत, म्हणाले. आठ ट्रॉल्या भरल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, सारवणे, धूर सारे काही त्यांच्या द्राक्षबागेत जाऊन पसरले. पांढरी काळीत गेली. आमच्या सासूबाई ओट्याच्या नुसत्या चौथऱ्यावर बसून शेवटची ट्रॉली वळेपर्यंत पाहत होत्या. ती वळेना, तेव्हा त्यांनीच हात करून ट्रॅक्टरवाल्याला वाट दाखवली.

थोडी माती एका कोपऱ्यात मी मुद्दाम राखून ठेवली होती. दिवाळीच्या सुटीत गल्लीतली पोरे आली, 'बाई, किल्ल्याला माती द्या!' दिली. या दिवाळीतही त्यांनी ओट्याच्या कडेला शिवनेरी उभारला आहे. त्याला दोन बुरूज आहेत, हळिवाचे रान आहे, आणि कोणा कल्पक पोराने खाली एक गाळाही काढला आहे. शटर काडेपेटीचे आहे. सासूबाईंनी आज त्याच्यापुढे पणती लावली, आणि मावळे कुठे झोपतात याची त्या मुलांकडे बारकाईने चौकशी करीत आहेत.